होडीला गादीचा पंप

कप्तानांची लाँच एवढीशी होती, की पुढच्या टोकाला कुणी शिंकलं तर मागच्या टोकाचा माणूस रुमाल काढायचा. तरी सगळा धक्का त्यांना कप्तान म्हणायचा, आणि कप्तान म्हटल्याशिवाय तेही मागे वळून पाहत नसत. सरोवरातल्या बेटावर लोकांना फिरवून आणायचं, हा त्यांचा धंदा. बेटाजवळ पाणी उथळ, लाँच काठाला लागायची नाही. म्हणून घडी करून ठेवलेली रबरी होडी डेकवर फुगवायची, पाण्यात सोडायची आणि तिच्यातून माणसं काठावर पोचवायची.

होडी फुगवणं हाच खरा कार्यक्रम. बेट आपलं नावाला. कप्तान विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचे, पायपंपावर उजवा पाय रोवायचे आणि भाषणाला तोंड फोडायचे. "बघून घ्या मंडळी! इंजिन जुनं आहे, पण धूर काढत नाही!" पाय खालीवर आणि जीभ त्याच्या दुप्पट वेगानं. शेवटी होडीच्या पाठीवर थाप. नगाऱ्यासारखी वाजली की टाळ्या. टाळ्यांशिवाय कप्तानांनी होडी पाण्यात सोडल्याचं कुणाला आठवत नाही.

पण गेल्या वर्षापासून गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. निम्मी होडी फुगली की कप्तान थांबायचे आणि बोट उंचावून म्हणायचे, "तो बघा, तिकडे, पक्षी!" लोक पक्षी शोधायचे, कप्तान श्वास शोधायचे.

"तुमचे पक्षी बरे नेमके दमल्यावरच उडतात," तिकिटं फाडणारी बायको म्हणाली. "अहो, विजेचा पंप घ्या ना एक. बॅटरीवर चालतो. सगळे वापरतात."

"सगळ्यांना पाय नसतील."

"तुम्हाला तरी कुठे राहिलेत?"

कप्तान रागावले. आणि दुसऱ्या दिवशी, दाढीचं सामान आणायला जातो असं सांगून, गुपचूप पंपाच्या दुकानात शिरले.

दुकानात नेमकी धक्क्यावरची दोन ओळखीची माणसं दोरखंड निवडत उभी. दुकानदारानं विचारलं, "बोला, पंप कशाला हवाय?"

आता इथे "होडीला" एवढंच म्हणायचं होतं. तीन अक्षरं. पण दोन्ही ओळखीचे चेहरे वळले, आणि कप्तानांच्या तोंडून निघालं, "गादीला! हवेच्या गादीला. घरी पाहुणे येतायत."

"दाब फार लागणार नाही मग. हवा भरपूर सोडणारा देतो."

"आवाज नको पण. पाहुण्यांची झोप मोडते."

"पाहुणे झोपल्यावर गादी फुगवणार?"

"आधीच्या गादीवरचे झोपलेले असतात," कप्तान म्हणाले. एकदा खोटं बोलायला बसलं की माणूस पाहुण्यांचे थरावर थर रचतो. दुकानदारानं प्रामाणिकपणे गादीचा पंप काढून दिला. जेवणाच्या डब्याएवढा, आणि मांजर घोरावं तेवढाच आवाज. पंप म्हणजे पंप, हवा ती हवा, अशी मनाची समजूत घालत कप्तान दाढीचं सामान न घेताच घरी आले.

पुढच्याच फेरीला विहीणबाई आल्या. लेकीची सासू. आयुष्यभर टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून बाईंचं अंग भरलं होतं आणि पाण्याची भीती होती ती होतीच. लेक महिनोन्महिने मागे लागली होती, "चला ना आई, बाबांची होडी एकदम घट्ट असते." विहीणबाईंचं एकच पालुपद, "माझं वजन नको गं त्यात. हसं होईल." शेवटी सुनेच्या शब्दाखातर आल्या आणि लाँचच्या मधोमध कठडा धरून बसल्या.

इकडे कप्तानांची तयारी चोख. डेकच्या टोकाला दोऱ्या ठेवायचं खोकं होतं. त्यात पंप, पंपाला बॅटरी, वर रेनकोट. पंपाची नळी रेनकोटखालून होडीला जोडलेली. पायपंपाची नळीही रेनकोटखाली गेली होती, पण तिथे ती नुसती पडून होती. बेटाजवळ आल्यावर त्यांनी लाँचचं इंजिन चालूच ठेवलं, म्हणजे मांजराचं घोरणं त्यात बुडेल.

"इंजिन बंद नाही केलंत?" बायकोनं विचारलं.

"त्याला जरा दम खाऊ दे," कप्तान म्हणाले. चालत्या इंजिनानं दम कसा खायचा हे बायको विचारणार, तोच कार्यक्रम सुरू झाला. काय तो उत्साह! पाय लटका, भाषण खरं. एकही पक्षी उडाला नाही. होडी टम्म दिसायला लागली, लोक थक्क, लेक कौतुकानं सासूकडे बघतेय. कप्तानांनी स्वतःच्या पायाकडे असं पाहिलं, की जणू त्यानंच सगळं केलं.

पायानं फुगवताना पंप शेवटी पायाला उलटा ढकलायचा आणि होडी भरल्याचं कप्तानांना तिथे कळायचं. आज पायाला कुणी ढकललंच नाही. गादीच्या पंपाचंही तसंच: आकार येईपर्यंत हवा सोडली, होडी उलट जोर लावायला लागली तशी त्यानं माघार घेतली. गादीवर माणसाला झोपवायचं असतं, तरंगवायचं नसतं. थाप मारली तेव्हा नगारा वाजला नाही, उशीवर हात पडल्यासारखं झालं. कप्तानांनी ते ऐकलं. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि टाळ्या सुरू असताना कोण थांबतं?

पहिल्या मानाच्या विहीणबाई. कप्तानांनी हात देऊन त्यांना मधे बसवलं, वल्ही मारली, आणि लाँच जेमतेम मागे पडली असताना होडी मधोमध दुमडली. बुडाली नाही, फुटली नाही. नुसती पुस्तकासारखी मिटली आणि विहीणबाई त्यात खुणेसारख्या अडकल्या. पाणी मांडीवर. दोन्ही हातांत कप्तानांची कॉलर. कप्तान पाण्यात उतरले. पाणी कमरेएवढंच होतं, पण ते विहीणबाईंना पटवून देईपर्यंत कॉलर गेली. होडी ओढत ओढत दोघं लाँचला परतले.

वर घेतल्या घेतल्या विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या, "माझंच चुकलं. मी म्हणत होते, माझं वजन नको."

"नाही हो आई…" लेक टॉवेल गुंडाळत म्हणाली, पण तिच्या आवाजात दम नव्हता. तिनंही तेच डोळ्यांनी पाहिलं होतं.

कोपऱ्यातल्या एका प्रवाशानं विचारलं, "किती वजन चालतं हो हिला?"

सगळे कप्तानांकडे बघू लागले. कप्तान म्हणाले, "तसं… माणूस बघून बसवावं लागतं."

बोलले आणि त्यांना वाटलं, हे वाक्य हातानं परत तोंडात कोंबता आलं तर कोंबावं. प्रवासी समजुतीनं मान हलवून बेटाकडे बघू लागला. विहीणबाईंनी टॉवेल अंगाभोवती आणखी आवळला. तेवढ्या टॉवेलात आपण मावत नाही, हेही जणू त्यांचंच चुकत होतं.

बायकोनं डबे उघडले. लेकीनं एक सासूसमोर ठेवला. विहीणबाईंनी आत पाहिलं आणि झाकण हळूच लावून टाकलं. "नको गं. भूक नाही मला आज."

सकाळी धक्क्यावर "मला बाई भूक फार लागते" असं याच बाईंनी हसत हसत सांगितलं होतं. कप्तानांनी हातातला घास खाली ठेवला. समोर बंद डबा. दोन गुडघे सांभाळायला त्यांनी एका माणसाचं जेवण बंद पाडलं होतं.

ते उठले, खोक्यावरचा रेनकोट ओढला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "विहीणबाई, वजन तुमचं नाही. पंप माझा. हा गादीचा आहे, दुकानात होडीला म्हणायची लाज वाटली. यानं होडी घट्ट होत नाही."

"आणि पाय मारत होतात ते?" बायकोनं विचारलं.

"ते… हवेत."

"बाबा!" लेक म्हणाली. एवढंच. पण ती लहान असताना तिच्यावर ओरडायला कप्तान जो सूर वापरायचे, अगदी तोच.

कोपऱ्यातला प्रवासी हसला. मग सगळी लाँच हसली. कप्तानांचे कान असे तापले, की पाण्यात घातले असते तर चर्र झालं असतं. एकट्या विहीणबाई हसत नव्हत्या.

"म्हणजे मी मघापासून फुकटच लठ्ठ होते?" त्यांनी विचारलं.

"हो," कप्तान म्हणाले.

"आणि तुम्ही ते ऐकत बसलात."

"हो."

विहीणबाईंनी डबा उघडला. तो पुसून संपवला, आणि तोवर कप्तान त्यांच्यासमोर शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे राहिले, कारण बसायला सांगणारं कुणी नव्हतं. हात धुतल्यावर बाई म्हणाल्या, "दुकानात मी येणार. एकटे गेलात तर लाजून यावेळी पोळ्या लाटायचं यंत्र आणाल."

आणि खरंच आल्या. दुकान भरलेलं. दुकानदार म्हणाला, "या! काय, पाहुणे झोपले का नीट?"

विहीणबाई तोंड उघडणार, तोच कप्तान म्हणाले, "थांबा, मी सांगतो." आणि सांगितलं: गुडघे, रेनकोट, सगळं. बोलताना नजर फरशीवर. दोरखंड बघणारा माणूस दोरखंड विसरला. दुकानदार हसला नाही, आणि ते जास्त लागलं.

"मग दाब देणारा पंप लागेल," तो म्हणाला. "तुमच्या होडीला किती दाब चालतो? होडीवरच छापलेलं असतं बघा, व्हॉल्व्हपाशी."

कप्तानांनी डोकं खाजवलं. इतकी वर्षं होडी फुगवली, पण तिच्यावर काही छापलेलं असतं हे ते आज ऐकत होते.

विहीणबाईंनी आकडा सांगितला.

"तुम्हाला कसा ठाऊक?" कप्तानांनी विचारलं.

"होडी मिटली तेव्हा माझ्या नाकासमोरच होता. दुसरं काय होतं तिथे बघायला?"

दुकानदारानं दोन पंप मांडले. एकाचा काटा बघत बसायचं आणि वेळेवर बंद करायचा. दुसऱ्यावर आकडा लावला की तो दाब पुरा करून आपोआप थांबायचा.

"हा थांबणारा द्या," विहीणबाई म्हणाल्या. "यांच्यावर काही सोडू नका."

कप्तानांनी मान हलवली आणि पंप स्वतःच उचलला. चांगलाच जड होता. "द्या इकडे, एक बाजू मी धरते," विहीणबाई म्हणाल्या. कप्तानांना नको म्हणायचं होतं. पण गुडघा ठणकत होता, आणि भर दुकानात, सगळे बघत असताना, त्यांनी एक बाजू दिली.