माती कोनाची?

आमच्या नाल्याचा पूर ओसरला की काठच्या झुडपांना काय काय लटकलेलं दिसतं. चिंध्या, कडबा, कोणाची तरी एक चप्पल! नाल्याकाठी झाडं लावायला लागल्यापासून माझ्याकडे किस्सेही असेच येऊन अडकलेत. झटकल्याशिवाय आता पुढचे मावणार नाहीत.

मी शिकले दूर, समुद्रकाठच्या शहरात. विषय खारफुटी, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारं जंगल. ते लाटांचा जोर मोडतं, काठ धरून ठेवतं, मासोळीच्या पिल्लांना आसरा देतं. शिकून मी परत आले ती बाभुळगावजवळच्या आमच्या गावात. इथे कापूस, म्हणजे आमची पऱ्हाटी आहे, तूर आहे, सोयाबीन आहे. फक्त समुद्र तेवढा नाही!

*

पहिली सभा मारुतीच्या पारावर. लॅपटॉपवर मी खारफुटीची मुळं दाखवली. ती श्वास घ्यायला चिखलातून वर येतात आणि खुंटांसारखी उभी राहतात.

शेषरावकाकांनी चष्मा वर केला. "हे त पऱ्हाटीचे खुटं होय! उपटाले मजूर नाही भेटले वाटते तिकडं!"

हशा ओसरल्यावर मी म्हटलं, "ही झाडं इथे येणार नाहीत, पण त्यांचं काम इथे होऊ शकतं. आपल्या नाल्यावर कहू, करंज, जांभूळ, निर्गुडी लावू. मुळं काठ धरतील. पाणी झाडांत अडखळलं की त्यातली माती तिथेच बसेल."

मागे गोदाकाकू बसली होती. तिचं वावर नाल्याला लागून. दर पुरात काठाचा एक लचका जायचा, आणि आता विहीर आणि नाला यांच्यात जेमतेम बैलगाडी जाईल एवढीच जागा उरली होती. विहीर गेली की काकूचा हरभरा गेला, भाजीपाला गेला.

तिने एकच प्रश्न विचारला. "ते बसते ते माती कोनाची?"

"ज्याच्या काठावर बसेल त्याची!" मी उत्साहात बोलून गेले.

काकू पदर खोचत उठली. "मंग कधी लावाचं?"

*

काकूच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला, भास्करकाकांचं वावर. मी त्यांच्याकडेही गेले.

"सावलीनं पऱ्हाटी मरते. तुह्या झाडायले काय बोंडं लागते का?"

"काका, काठ वाहून जाईल!"

"जाऊ दे ना वं पोरी. माती जाऊन जाऊन जाईन कुठं?"

*

रोपांचा खरा शत्रू पूर नव्हे, बकरी! आणि गावात सगळ्यात जास्त बकऱ्या शेषरावकाकांच्या. म्हणून मी डोकं चालवून त्यांनाच रोपं राखायच्या कमिटीचं अध्यक्ष केलं. ठराव झाला : ज्याची बकरी रोपांत दिसेल, त्याने अख्ख्या कमिटीला आलुबोंडे खाऊ घालायचे.

पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांची बकरी करंज आणि निर्गुडी सोडून बाकी सगळं चाखून गेली. काकांनी आलुबोंडे आणले, पण तोंड वाकडं करून.

"बकरी माही आहे, कबूल. पण ठराव पास झाला तवा ते मीटिंगले होती का?"

*

पुढच्या उन्हाळ्यात अध्यक्षांच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे मांडवावर जांभळाचे डहाळे लागतात. काका बैलगाडी सजवून, डफडं वाजवत थेट आमच्या रोपवनात! काकू विळा घेऊन आडवी उभी राहिली.

"अवं, मांडवाले जांभूळ त लागतेच ना!" काका म्हणाले.

"मंग सगळंच रोप न्या कुंडीत. अन् लग्न लागलं का जावयाच्या हातानं वापस लावा!"

तसंच झालं. नेरचा जावई फेट्यासकट नाल्यावर आला. रोप लावायला त्याने बूट काढले, आणि साळ्या नाल्यावरूनच बूट घेऊन पळाल्या! बिचारा वाटाघाटी होईपर्यंत तापल्या मातीत अनवाणी. आता प्रत्येक लग्नात साळ्यांचा आग्रह असतो, नवरदेवाकडून झाड लावून घ्याच!

*

तिसऱ्या पावसाळ्यात नाला असा फुगला की सकाळी सगळं गाव काठावर जमलं. काकू विहिरीकडे पाहत होती, मी काकूकडे. पाणी झाडांत शिरलं, निर्गुडी आडवी झाली, कहू कमरेत वाकला. मी शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. त्यातलं एकही वाक्य त्या वेळी काकूला सांगण्यासारखं वाटेना.

दुपारी पाणी उतरलं. विहीर जागेवर होती! काकूने आधी विहिरीला हात जोडले, मग कहूला. मला फक्त पाठीवर धपाटा!

भास्करकाकांचा काठ मात्र ढासळला होता. वावरातल्या झोपडीतली बाजही वाहून गेली होती. ती सापडली काकूच्या झाडांत अडकलेली. काका न्यायला आले आणि तिथेच थबकले. झाडांच्या बुडाशी काळीभोर, ओली माती गुडघाभर साचली होती.

"वयनी, बाज माही होय."

"ने ना भाऊ."

"अन् हे मातीबी माहीच होय!"

"असं? मंग हाक मारून पाहा. येते का!"

काकांनी बाज तिथेच टाकली आणि तिच्यावर बसले. बराच वेळ नाल्याच्या वरच्या अंगाला पाहत राहिले. मग मला जवळ बोलावलं.

"काय वं पोरी, वरच्या गावच्या लोकायनं त नाही ना लावले अजून झाडं?"

"नाही काका."

"मंग त्यायले सांगू नको. मले दे रोपं!"