आईच्या नावानं रम नको

दादा, ओझरच्या विमानतळावर तू माझ्या बॅगा उतरवत होतास, तेव्हा आई गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाला ज्या दारूनं खाल्लं, तिच्याच पगारावर तू जगणार?"

मी जमैकाच्या रम कारखान्यात नोकरीला निघाले होते. दिंडोरीच्या वायनरीत होते तेव्हा ती द्राक्षांचं नाव घेऊन मनाची समजूत घालायची. रमला तसा आडोसा नव्हता. रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई ती. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की तिचा आवाज चढायचा. कॉलनीत तिनं सांगून टाकलं, पोरगी जमैकात साखर कारखान्यात आहे.

ते अगदीच खोटं नव्हतं. साखर काढून उरलेली मळी आमच्याकडे येते, काळी, काकवीसारखी दाट. पाणी घालून ती लाकडी टाक्यांत आंबवायची, हे माझं काम. मग तांब्याच्या भट्टीतून जी धार निघते ती पाण्यासारखी स्वच्छ. काही रम पिंपांत वर्षानुवर्षं मुरून रंग धरते. गावातली माणसं मात्र पांढरीच पितात. सुरुवातीला त्या आंबूस वासानं मला बाबाच आठवायचे. त्यांच्या शर्टाला, अंथरुणाला तोच वास यायचा. कित्येकदा मी जेवणाचा डबा न उघडताच घरी न्यायचे.

टाक्यांवर माझ्यासोबत व्हर्ना होती, आईच्याच वयाची. तिचे पूर्वज इथल्याच उसाच्या मळ्यात गुलाम होते. इथं घराचा पाया घालताना रम शिंपडतात, तान्ह्या बाळाच्या कपाळाला लावतात, माणूस गेलं की पहिला घोट मातीला देतात. मी तिला एकदा विचारलं, ज्या उसापायी तुमची माणसं मेली, त्याचीच दारू त्यांना कशी वाहता?

ती म्हणाली, "ऊस मालकाचा होता, घाम आमचा. आमचं आम्ही परत घेतो."

मला ते कळलं. आईला कसं सांगणार होते?

मागच्या वर्षी आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं, म्हणून निघालेच नाही. तू मोबाइल धरलास आणि इथल्या स्वयंपाकघरात उभं राहून मी तिचं शेवटचं पाहिलं. संध्याकाळी शेजारची माणसं आली. व्हर्नानं उंबऱ्याशी बाटली उघडली, तशी मी ओरडले, "नको! माझ्या आईच्या नावानं रम नको!"

बाबांचं तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तिनं बाटलीला बूच लावलं आणि विचारलं, "मग तिला काय आवडायचं?"

"चहा. आलं ठेचून घातलेला. खूप गोड."

तिनंच केला. आलं जरा जास्तच पडलं. पहिला कप तिनं दाराबाहेरच्या मातीत ओतला आणि आईचं नाव घेतलं. शांताचं तिच्या तोंडी 'शान्टा' झालं. मग सगळ्यांनी चहा पीत त्यांची गाणी म्हटली. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण रडू आलं ते तेव्हाच.

दादा, आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी नव्हते, हे तुझ्या मनातून अजून गेलेलं नाही. फोनवर विचारतोस, "घरी कधी येतेस?" ओझरच्या घरात आता भाडेकरू आहेत. इथंही मी परकीच. पण तो चहा जिथं मुरला, ती माती माझ्या दाराशी आहे. कामावर निघताना तिच्यावर पाय पडू नये म्हणून मी बाजूनं उतरते. घर म्हणून माझ्याकडे सध्या एवढंच आहे.