सर सध्या कोणती पोथी वाचून राह्यले?

धार्मिक पुस्तकं वाचणाऱ्याला शांती मिळते की नाही ठाऊक नाही, पण भोवतालच्यांची नक्की जाते. पुसदच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर मी दर महिन्याला वाचलेल्या धार्मिक पुस्तकांची यादी टाकतो. खाली एक ओळ असते, हवं असेल तर माझ्याकडून घेऊन जा. पुस्तकं नेणारे थोडे, शंका आणून देणारेच जास्त. आता इतक्या साठल्यात की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यात मोठी शंका माझ्या घरातच आहे. बायको मंदा शाळेत होती तेव्हा तिचे वडील असेच पोथ्या वाचता वाचता एक दिवस खांद्याला झोळी अडकवून घर सोडून मठात गेले, ते गेलेच. आणि मी येत्या उन्हाळ्यात रिटायर होतोय. पहिल्या यादीनंतरच तिनं माझी शबनम बॅग भांडीवालीला देऊन टाकली.

त्याच आठवड्यात वॉर्डातला एक कार्यकर्ता घरी आला. यादी फॉरवर्ड होत होत त्याच्यापर्यंत पोचली होती. सगळ्या समाजांचे संत एकाच यादीत! एवढी बेरीज फुकट कोण करतं? चहा संपवून त्यानं हळूच विचारलं, "सर, कोन्त्या पार्टीकडून?" मी नाही नाही म्हणत राहिलो आणि त्याचा विश्वास पक्का होत गेला. मंदा मात्र खूश झाली. "राहा ना उभे," ती म्हणाली, "निवडून आलेला मानूस गाव सोडून कुठी जात नाई."

राठोड मॅडम आमच्याकडे इतिहास शिकवतात. त्यांच्या समाजाच्या संताचं चरित्र यादीत पाचवं आलं. स्टाफरूममध्ये समोर बसून डबा उघडला आणि पाचवं काहून, असं विचारलं. वाचलं त्या क्रमानं लिहिलंय, मी म्हटलं. म्हणजे आधी वाचावंसं वाटलं नाही, असा निकाल देऊन त्यांनी त्या दिवशी मला भाजी दिली नाही. पुढच्या महिन्यात मी शहाणपणा केला आणि यादी अक्षरांप्रमाणे लावली. तर गणिताचे गावंडे सर म्हणाले, "अ पासून लावलं तं कोनाचं वर जाते, ते काय आमाले समजत नाई?"

हे गावंडे सर यादी पडल्या पडल्या जोडलेले हात टाकतात. वाचतात की नुसतेच टाकतात, असा मला दाट संशय होता. म्हणून एकदा मधोमध 'श्री खराटेश्वर माहात्म्य' घुसवलं. असा देव नाही, असा ग्रंथ नाही; लिहिताना समोर खराटा दिसला, बस. हात आले. मग मुद्दाम गाठून विचारलं, हे वाचलंय का? गावंडे सरांनी डोळे मिटले. "आमचा आबाजी रोज वाचे," ते म्हणाले. "आता तशी छपाई रायली नाई."

लायब्रेरियन शेख सरांनी त्यांच्या धर्मावरचं एक मराठी पुस्तक पेपरात गुंडाळून दिलं. यादीत टाकू नका, लोक मलाच धरतील, असंही बजावलं. मी हट्टी. वाचून परत केलं आणि यादीत लिहिलं. लगेच प्राचार्यांचं बोलावणं आलं, हे पुस्तक तुम्हाला दिलं कोणी? मी घाबरून थाप मारली की आपल्याच लायब्ररीतून घेतलं. प्राचार्य उठून थेट लायब्ररीकडे निघाले. मी मागे. शेख सरांनी कपाटातून पुस्तक काढून दिलं, तर पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का. प्राचार्य गेल्यावर मी त्या शिक्क्यावर बोट फिरवून पाहिलं. "तुमी लिहिनार, हे मले मालूम होतं," शेख सर म्हणाले. "वापस आलं तवाच मारून ठेवला."

मागच्या महिन्यात कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. तिथून एका महाराजांचं चरित्र आणलं. हे महाराज तरुणपणी झोपलेल्या बायकोला सोडून पहाटे निघून गेले होते. मंदानं मागचं कव्हर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक गायब. भांडीवालीला गेलं असणार, अशी माझी खात्री. मी चिडून बोललोही. ती पोळ्या लाटत राहिली.

परवा जेवताना तिनं ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. पानांना हळदीची बोटं, आणि जागोजागी खुणेला खराट्याच्या काड्या.

"वाचलं?" मी विचारलं.

"दोन डाव वाचलं. त्याईले देव भेटला, ते लिवलं हाये. चेले भेटले, ते लिवलं हाये. मांगं रायली तिचं काय झालं, ते कुठीच नाई."

मी पानं चाळली. खरंच नव्हतं.

तिनं माझा मोबाइल पुढे सरकवला. "टाका यादीत. आन् खाली लिवा, पुस्तक अपुरं हाये."

मी डाव्या हातानं टाइप केलं. सेंड होईपर्यंत ती शेजारून हलली नाही.