गजावरची खूण

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या पदराला सणासुदीलासुद्धा जळक्या दारूचा वास यायचा. दारू म्हणजे बंदुकीची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा उंबऱ्याशी त्यांनी मला जवळ घेतलं आणि कुजक्या अंड्यासारखा तो वास माझ्या नाकात शिरला. मी पनवेल गावातली, सात यत्ता शिकलेली, त्यामुळे नाक जरा वरच. मनात म्हटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी. संध्याकाळी मागच्या दारी गेले तर बाई न्हाणीपाशी पाटावर बसून बंदुकीच्या नळीत कढत पाणी ओतत होत्या. माझ्याच वरातीत उडवलेल्या बारांची घाण होती ती. मला बघून म्हणाल्या, "तुज्या लग्नाची काजळी काडतंय. बस, बघ."

सगळं घर त्यांना वयनी म्हणायचं. मीही तेच म्हणू लागले.

बंदूक ठासणीची होती, सासऱ्यांच्या वेळची. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग चिंधी, मग गोळी, आणि लोखंडी गजाने ते सगळं तळापर्यंत ठासायचं. कर्नाळ्याच्या डोंगरातून डुकरं उतरायची आणि भात दाण्यात आलं की एका फेरीत खाचर लोळवून जायची. त्यांच्यासाठी राखणीचं लायसन होतं, ते सासऱ्यांमागून थोरल्या दिरांकडे, म्हणजे दादांकडे आलं. डुक्कर पडलं की गावभर दादांचं नाव व्हायचं. दादा ओटीवर बसून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, दर वेळी डुक्कर थोडं मोठं होई, आणि मागच्या दारी वयनींचं पाणी चुलीवर चढलेलं असे.

ही विद्या त्यांना सासऱ्यांनी दिली. दोन्ही मुलगे बार उडवायला पुढे आणि धुवायचं म्हटलं की दोघांना झोप, म्हणून त्यांनी सुनेला शिकवलं. पाणी कढतच हवं. कोमट पाण्याने नळी ओली राहते, कढत पाण्याने लोखंडच तापतं आणि आपलं आपण सुकतं. नरसाळ्याने पाणी ओतलं की ठिणगीची टोपी बसवायच्या भोकातून काळी धार उडायची. मग गजाच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून वरखाली. चिंधी जुनीच लागे, कारण नव्या कापडाला खळ असते आणि ती आत चिकटते. पहिली चिंधी डांबरासारखी निघे, मग करडी, मग मळकी. शेवटची पांढरीस्वच्छ निघेपर्यंत बाई पाटावरून उठत नसत. मग तिळाच्या तेलाचा एक हात. खोबरेल का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "थंडीत थिजतं. नळीला काय पडसं झालंय व्हय, छातीला तेल चोळायला?"

सगळ्यात त्यांचं लक्ष असे गजावर. गजावर चाकूने पाडलेल्या दोन खुणा होत्या. रिकाम्या नळीत गज घातला की वरची खूण बरोबर तोंडाशी यायची आणि नेहमीचा बार भरला की खालची. बार भरूनही खालची खूण तोंडाच्या वर राहिली तर समजायचं, गोळी मधेच कुठेतरी अडली आहे, दारूवर टेकलेली नाही. अशी बंदूक उडवली तर गोळी पुढे जायच्या ऐवजी नळी फुटते. हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. धान्य निवडताना, भाकरी थापताना, कुठेही असोत, ओटीवर बार भरला जात असला की त्यांची नजर जाऊन गजावर बसायची.

महिन्याच्या चार दिवसांत त्या पडवीच्या कोपऱ्यात बसत. तेव्हा बंदुकीला हात लावायचा नाही, कारण दसऱ्याला तिची पूजा होते. पण डुकरांना कुणाचा विटाळ माहीत असतो? बार उडायचाच, आणि नळी तर त्याच दिवशी धुवायला हवी, एक दिवस राहिली की आतून खायला लागते. मग दादा पाटावर बसायचे आणि वयनी कोपऱ्यातून हुकूम सोडायच्या. "पानी अजून कडत करा. आता चिंधी बदला. दावा बघू. ही पांढरी? डोल्यांत काय माती गेली तुमच्या?" एवढा डुकरं मारणारा गडी, पण मान खाली घालून चिंधी दाखवायचा. मला हसू फुटायचं. सासूबाई नाक मुरडायच्या, पण बोलायच्या नाहीत. हात चालत नव्हता तरी शब्द चालत होता, हे त्या वेळी मला विशेष वाटलं नाही.

दादा ऐन ज्येष्ठात तापाने गेले. पेरण्या अर्ध्यावर होत्या. वयनींना मूलबाळ नव्हतं. आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्यांच्या भावाने तसं विचारूनही पाहिलं, पण त्यांनी मान हलवून नको म्हटलं. लायसन पनवेलच्या कचेरीतून आमच्या यांच्या नावावर झालं. हे घरी आले, बंदूक खुंटीवरून काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता वयनीनं हिला हात लावायचा नाय."

चार दिवसांपुरती नव्हे, कायमची मनाई. पूजेची वस्तू, तिला विधवेचा हात कसा चालेल? सासूबाईंनी मान डोलावली. वयनींनी चिंध्यांची टोपली न्हाणीतून उचलून माझ्या पायाशी आणून ठेवली.

गोकुळाष्टमीला यांनी गोविंदासमोर हवेत बार काढले, नव्या लायसनची ऐट म्हणून. घरी येऊन बंदूक वरून खोबरेलाने पुसली आणि खुंटीला लावली. अशी चकाकत होती की वाटावं आजच दुकानातून आणली. वयनी मला हळूच म्हणाल्या, "तू धू. मी लांबून सांगतंय." मी पाणी तापवलं, नरसाळं घेतलं, तेवढ्यात हे आले आणि पातेलं उचलून अंगणात रिकामं केलं. "लोखंडात पानी घालतेस? सात यत्ता शिकलीस ती याच्यासाठी?" मी म्हटलं, वयनी इतकी वर्षं तेच करत होत्या. तर म्हणाले, "दादा बायकोच्या ताटाखालचं मांजर होता." स्वतःच्या मेलेल्या भावाबद्दल हे बोलणं. मला तेव्हा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

भादव्याच्या ओल्या हवेत बंदूक तशीच लटकत राहिली. वयनी येता-जाता तिच्याकडे बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "भाईर तेल लावून आत उपाशी ठेवलीय तिला. ती आतून लोखंड खात आसंल." त्या बंदुकीबद्दलच बोलत होत्या, मला मात्र त्यांच्याकडे बघवलं नाही.

आश्विनात भात दाण्यावर आलं आणि खालच्या खाचरात डुकरांनी एक कोपरा लोळवला. हे त्या दिवशी उन्हं कलल्यावर ओटीवर बार भरायला बसले. आळीतली दोन-चार माणसं बघत होती, म्हणून हात जरा जास्तच जोरात चालत होता. वयनी दाराआड तांदूळ निवडत होत्या. गज नळीत गेला, ठासून झाला, आणि यांनी तो बाहेर काढायच्या आधी एक क्षण तसाच सोडला. वयनींनी सूप खाली ठेवलं. खालची खूण तोंडाच्या चांगली वर होती. आतल्या गंजाच्या खवल्यांवर गोळी अडली होती, दारूपर्यंत पोचलीच नव्हती.

हे बंदूक खांद्याला लावून पायरी उतरले आणि वयनी दाराआडून पुढे आल्या. सरळ यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. "भावजी, गज वर ऱ्हातोय. नका उडवू. गोळी मदी अडलीय."

कुणी गज काय, गोळी काय, ऐकलंच नाही. सगळ्यांनी एकच पाहिलं, माणूस बंदूक घेऊन निघाला आणि विधवा आडवी आली. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "मागं फीर. बस वाईच. पानी पी." यांचं तोंड लाल झालं होतं. वयनींना म्हणाले, "दारू जास्त घातलीय मी, म्हनून गज वर हाय. डुक्कर मोटं हाय. तुमी घरात जा." आणि खरोखर मागे फिरले, बंदूक भिंतीला टेकवली, ओटीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले. अपशकुन टळला. मी म्हटलं, "एकदा गज घालून बघा तरी." यांनी माझ्यावर डोळे वटारले. पाणी पिऊन झाल्यावर हे पुन्हा निघाले, तीच बंदूक, तोच बार घेऊन.

मी देवापाशी दिवा लावत होते तेव्हा आवाज आला. फुटकाच आवाज, थाळी दगडावर आपटल्यासारखा. वयनी अंगणात उभ्याच होत्या, त्यांना आत जायचं सुचलं नव्हतं. म्हणाल्या, "हा नळीच्या तोंडातला आवाज नाय," आणि खाचराकडे धावत सुटल्या. त्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नळी मधूनच उकलली होती, आणि तिला खालून आधार द्यायला डावा हात होता. बैलगाडीत घालून यांना पनवेलला नेलं. डॉक्टरने हात वाचवला, पण अंगठा आणि एक बोट तेवढं राहिलं. फुटकी बंदूक कचेरीत जमा झाली. गज मात्र खाचरात पडला होता, तो वयनींनी आणून न्हाणीच्या कोपऱ्यात उभा केला. आणि गावात सगळ्यांनी ठरवून टाकलं की भावजय आडवी गेली म्हणून बंदूक फुटली. माझ्या तोंडावर सांगायला यायच्या बाया. मी एकदोघींना गजाची गोष्ट समजावून सांगितली. त्या सगळं नीट ऐकून घेत आणि उठताना म्हणत, "तरी पन निगताना आडवं येऊ नये बाय."

जखमेत पू झाला. रोज धुवायला हवी होती, पनवेल रोज गाठणं शक्य नव्हतं, आणि मला तो हात बघितला की भोवळ येई. वयनींनी पाणी उकळून निववलं, जुनं लुगडं फाडून त्याच्या चिंध्या उकडून वाळवल्या आणि पाट घेऊन यांच्या खाटेशी बसल्या. पहिली चिंधी काळी निघाली, मग पिवळी, मग मळकी. शेवटची पांढरी निघेपर्यंत उठायच्या नाहीत. हे कळवळायचे, शिव्या द्यायचे, मग लहान पोरासारखे रडायचे. बंदुकीला जो हात चालत नव्हता तो यांच्या उघड्या मांसाला चालला. सासूबाई समोर बसून असायच्या, पण त्या वेळी शिवाशिवीचं नाव कुणी काढलं नाही. हात भरून आला. पनवेलच्या डॉक्टरने विचारलं, धुतो कोण? हे म्हणाले, "घरातलीच मानसं."

पुढल्या वर्षाची गोष्ट. हे बैल बघायला पनवेलला निघाले होते. वयनी विहिरीवरून हंडा भरून येत होत्या आणि अंगणात दोघं समोरासमोर आले. भरला हंडा समोर येणं शुभ, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. पण हंड्याखाली डोकं कुणाचं आहे, तेही बघायचं असतं. हे थांबले. मागे फिरले, ओटीवर बसले आणि मला म्हणाले, "पानी आन."

मी आणलं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी यांचं ऐकलं नाही. सासूबाईंनी आणून दिलं. यांनी उजव्या हातात तांब्या धरला, त्याला डाव्याच्या उरल्यासुरल्या बोटांचा आधार दिला, आणि सगळा तांब्या संपवला. वयनी हंडा डोक्यावर घेऊन तेवढा वेळ अंगणात उभ्या होत्या. हे निघून गेल्यावर त्या आत आल्या, पाणी माठात गाळलं, हंडा पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी त्या गव्हाणला भावाकडे निघाल्या. मी पदर धरला. "तुमच्यामुळे हात राहिला यांचा, तोंडावर सांगा की एकदा." तर म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं व्हय? गज वर ऱ्हातोय म्हनून सांगितलंच होतं." मग न्हाणीतला गज उचलून गाठोड्यात आडवा घातला. "ह्यो नेतंय मी. लायसन बंदुकीला लागतं, गजाला नाय." एवढंसं हसल्या. त्या घरातलं त्यांचं ते शेवटचं हसणं.

मी गव्हाणला वर्षातून एकदोनदा जाऊन यायची. तिथे भावजयीच्या हाताखाली राहून त्या मिठागराच्या कामावर जात, पाय मिठाने चिरलेले असत. गज परसातल्या खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेला होता, आणि त्या खाऱ्या हवेतही गंजाचा एक ठिपका त्यावर नव्हता. हे कधी माझ्याबरोबर आले नाहीत. वेळ होत नव्हता म्हणे.

वयनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मात्र हे निघाले. धोतर नेसले, सदरा चढवला, ओटीच्या कडेला येऊन उभे राहिले. आणि पायरी उतरण्याआधी, इतक्या वर्षांच्या सवयीने, यांनी अंगणात दोन्हीकडे नजर टाकली.

मी मागेच उभी होते. म्हटलं, "चला आता. आडवं यायला कुणी उरलं नाही."

यांनी डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला.