केसांच्या गोळ्या आणि थायरॉईडचा रिपोर्ट

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने केस वाढवायच्या गोळ्या खाल्ल्या तर त्यात काही गैर नाही. चोरून खाणं हा खरा बावळटपणा, आणि तो मी मन लावून करत होतो. बायोटिनची बरणी स्कूटरच्या डिकीत असायची. नवीन जालन्यातल्या ऑफिसात शिरण्याआधी एक गोळी पाण्याशिवाय गिळायची आणि आरशात टक्कल तपासायचं. केसांवर ढिम्म परिणाम नाही. झाला तो रक्ताच्या रिपोर्टवर, पण हे मला फार उशिरा कळलं.

ऑफिसच्या तपासणी शिबिरात माझा थायरॉईडचा रिपोर्ट बिघडलेला आला. टीएसएच अगदी तळाला, थायरॉईडमधून पाझरणारा टी-फोर वर चढलेला. धावड्याहून आलेल्या मेव्हण्याने तो हातात घेतला आणि निकाल दिला, "दाजी, कमी हाय म्हंजे चांगलंच की! शुगर कमी चांगली, बीपी कमी चांगलं, मंग हे बी चांगलंच."

मी त्याची कीव केली. टीएसएच म्हणजे मेंदूने थायरॉईडला दिलेला हुकूम. ग्रंथी जास्त काम करायला लागली की मेंदू हुकूम थांबवतो, म्हणून आकडा खाली जातो. मोबाइलवर एवढं वाचून मी विद्वान झालो होतो. मंग काय, लक्षणंही वाचली आणि संध्याकाळपर्यंत सगळी अंगात आली: धडधड, घाम, हातांची थरथर. वजन घटतं असंही लिहिलं होतं. माझं वाढलं होतं, पण त्याकडे मी दुर्लक्ष केलं.

बायकोला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, हात पुढे धरायला लावले, गळा चाचपला. म्हणाल्या, "कागदावरचा माणूस पळतोय आणि समोरचा निवांत बसलाय. काही गोळ्या चालू आहेत?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

माझी नोकरी बियाणं कंपनीच्या तपासणी विभागात. बियाण्याला आधीच औषध चोळलेलं असेल, तर नमुन्यासोबत तसं लिहून द्यावं लागतं. न लिहिणाऱ्या विक्रेत्यांना मी फोनवर असा झाडतो की पलीकडचा माणूस "साहेब, साहेब" करत राहतो. आणि स्वतःच्या रक्ताच्या नमुन्याबद्दल विचारल्यावर हा साहेब तोंड शिवून बसला होता. बायकोसमोर टकलाचं दुःख कोण कबूल करणार?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडे खरे असतील तर गळ्याचा स्कॅन करावा लागेल आणि थायरॉईड दाबणारी गोळी सुरू होईल. त्या गोळीवर ताप आला, घसा धरला, तर घरी बसायचं नाही. क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात."

नसलेल्या रोगाचं औषध खाऊन खरा रोग ओढवून घ्यायचा, आणि तोही चार केसांच्या लाजेपायी? माझा आवाज एवढासा झाला. "मॅडम, ते... केसांसाठी बायोटिन खाऊन राह्यलो."

बायको वळली. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, सरळ डोक्याकडे पाहिलं. "कुठल्या केसांसाठी?"

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. बायोटिनचा डोस मोठा असला तरी थायरॉईडला काही होत नाही, पण काही मशीनवर तपासणी चुकते, हे समजावलं. गोळ्या बंद, आठवड्याभराने पुन्हा रक्त, तोवर औषध काही नाही.

दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला. धडधड, घाम, थरथर त्याच दुपारी पसार. मी मोठ्या निर्धाराने बरणी कचऱ्यात टाकायला निघालो, तर बायकोने ती हातातून काढून घेतली.

"फेकता कशाला? मी खाते. मला डॉक्टरला सांगता येतं."