बाटलीसाठी शिवलेला खिसा

माझं लग्न ठरायच्या वेळी वडील या घरी पहिल्यांदा आले, आणि पाणी पिता पिता त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतभर जाड हिरवं कापड, त्यावर खिसेच खिसे, आणि प्रत्येक खिशातून एकेक चपटी डोकावत होती. कोटाच्या आत नाहीतर विजारीच्या मागच्या खिशात लपवून न्यायच्या, पाठीत वाकलेल्या त्या दारूच्या बाटल्या. कुठली कथलाची, कुठली चांदीच्या मुलाम्याची, कुठली काचेची आणि वर कातडं चढवलेली. वडिलांना असा ठसका लागला की माझ्या होणाऱ्या नवऱ्याला त्यांची पाठ थोपटावी लागली.

"घाबरू नका," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना खोकल्याचं औषधसुद्धा चढतं."

ते शंभर टक्के खरं आहे. माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखलेला नाही. खाली त्यांचं टेलरिंगचं दुकान, वर आमचं घर. दुकानात पुढे ते पुरुषांचे कोट शिवतात आणि पडद्यामागे मी बायकांचे कपडे शिवते. लोक त्यांना तोंडावर मास्तर म्हणतात आणि पाठीमागे चपटीमास्तर. त्यांना दोन्ही नावं माहीत आहेत आणि दुसरं जास्त आवडतं.

नवी बाटली घरात आली की तिचं कौतुक बघावं. जुन्या बाजारातून, भंगारवाल्याकडून, कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेतून ती येते. आधी तिच्यात पाणी भरून ती वर्तमानपत्रावर उलटी ठेवायची. गळली तर "दमलीय बिचारी" म्हणायचं, नाही गळली तर "बघा, अजून ठणठणीत आहे" म्हणायचं. मग गळ्यातली टेप काढून तिचं माप घ्यायचं, अगदी गिऱ्हाइकाचं घेतात तसं, आणि कोटाच्या उरलेल्या कापडातून तिच्यापुरता खिसा कापायचा. बिजागरीच्या झाकणाची असेल तर झाकण उघडायला वर जागा सोडायची. तळाला पेला बसवलेली असेल तर खिसा खाली जरा सैल ठेवायचा. एका बाटलीला किती दारू उरलीय ते दिसावं म्हणून काचेची उभी फट आहे, तर तिच्या खिशालाही तेवढी फट ठेवलेली आहे. माझे ब्लाउज खोळंबलेले असतात आणि हे बाटलीला काज करत बसलेले. मी चिडते. चिडून काही उपयोग होत नाही.

भिंतीच्या मधोमध जी बाटली होती तिचं माप मात्र भिंतीसाठी कधी घेतलं नव्हतं. ते आधीच घेतलेलं होतं, एका कोटासाठी. सगळ्या संग्रहाचं मूळ त्या कोटात आहे.

सासरे तेव्हा तरुण होते, दुकान नवं होतं. समोरच्या वाचनालयाचे ग्रंथपाल कोट कमरेत आत घ्यायला टाकून गेले. हे ग्रंथपाल म्हणजे मोठं कडक प्रकरण. वाचनालयात कुणी शिंकलं तर चष्म्यावरून असे बघायचे की पुढची शिंक आल्या पावली परत जायची. कोट उलटा करताना सासऱ्यांना आतल्या खिशात ही चपटी सापडली. सरळ खिशात वाकडी बाटली, त्यामुळे कोटाला छातीशी फुगवटा आलेला. दुसरा कुणी असता तर गालात हसून गप्प बसला असता. ह्यांना फक्त फुगवटा दिसला. ह्यांनी आतला खिसा उसवला, बाटलीच्या बाकाप्रमाणे नवा कापला, वर बटण लावलं आणि स्वतःवर खूश होऊन बसले.

ग्रंथपाल ट्रायलला आले तेव्हा दुकान भरलेलं होतं. वाचनालयाचे अध्यक्षच विजारीचं माप द्यायला उभे होते. ग्रंथपालांनी कोट चढवला आणि सासरे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, तुमच्या बाटलीसाठी खास वाकडा खिसा केलाय! आता दिवसभर बाळगा, कुणाला पत्ता लागणार नाही! कसा बसलाय?"

ग्रंथपालांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी कोट उतरवला, घडी घालून टेबलावर ठेवला, "उद्या नेतो" म्हणाले आणि गेले. ते परत आले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात सासरे माफी मागायला वाचनालयात गेले. "साहेब, तो कोट—" एवढंच बोलले असतील, ग्रंथपालांनी भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवलं. त्यानंतर ग्रंथपाल कायम पलीकडच्या फुटपाथवरून जायचे. सासऱ्यांनी कानाला खडा लावला की गिऱ्हाइकाच्या खिशात काय आहे त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि दुसरी एक सवय त्यांना तेव्हापासून लागली. "कसा बसलाय?" असं विचारल्यावर गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने "बरोबर बसलाय" म्हणेपर्यंत ते काम पुरं झालं असं मानतच नाहीत. कोट डांबरगोळ्या घालून कपाटात राहिला. बाटली किती जुनी आहे हे विचारायला ते जुन्या बाजारात गेले, तिथे तिच्यासारखीच दुसरी दिसली, ती सोबतीला आणली, आणि मग सोबत वाढतच गेली.

"एका माणसाला मी भर दुकानात उघडं पाडलं," ते अजूनही मधूनच म्हणायचे. चांगलं काम करायला गेलो आणि माणसाची मान खाली घालायला लावली, हे त्यांच्या मनातून काही केल्या जाईना.

यंदा थंडी सुरू झाली तेव्हा एक म्हाताऱ्या बाई दुकानात आल्या. पांढरेशुभ्र केस, हातात काठी. "मास्तर तुम्हीच ना? आमच्या ह्यांचा एक कोट तुमच्याकडे होता. समोर ग्रंथपाल होते ते. वारले दोन वर्षांपूर्वी. कोट अजून असेल असं वाटत नाही, पण म्हटलं विचारावं."

सासऱ्यांच्या हातातली कात्री तशीच राहिली. "आहे," ते म्हणाले. "आणतो." आणि जिना चढून वर गेले.

बराच वेळ ते खाली येईनात म्हणून मी मागोमाग गेले. कोट खांद्यावर टाकून ते भिंतीसमोर उभे होते, हात मधल्या खिशावर.

"बाबा," मी म्हटलं, "त्या फक्त कोट मागतायत. बाटलीचं त्यांना काही माहीत नाही. नवरा गेला, आता कशाला त्याची लपवाछपवी बायकोच्या हातात द्यायची? राहू दे ती इथेच."

मी काही साधुसंत नाही. त्या बाटलीवाचून ती भिंत मला कल्पनेतसुद्धा बघवेना. आणि त्यांचा चेहरा तर अजिबात बघवत नव्हता.

"खिसा मी हिच्यासाठी कापलाय गं," ते म्हणाले. "रिकामा दिला तर कोट अर्धाच दिला."

"आणि बाईंना वाईट वाटलं तर? पुन्हा तेच होईल, बाबा."

"त्याचीच तर भीती वाटतेय," ते म्हणाले, आणि बाटली काढून त्यांनी कोटाच्या खिशात घातली, बटण लावलं.

खाली आल्यावर त्यांनी कोट नुसता पुढे धरला. बाईंनी तो चाचपला, आतल्या बाजूला हात घातला, बटण उघडलं, आणि बाटली बाहेर काढली. मी पडद्याचं टोक घट्ट धरून उभी होते.

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"हाच तो खिसा!" त्या म्हणाल्या. "अहो मास्तर, त्या दिवशी हे घरी आले ते थेट माझ्यासमोर बसले. म्हणाले, उद्या तुला गावातून कळणारच, त्यापेक्षा मीच सांगतो. लग्नाला अकरा वर्षं झालेली, आणि मला वास येत नव्हता असं ह्यांना वाटत होतं! मी म्हटलं, अहो, एवढंच ना? मग चोरून कशाला घेता, गच्चीत बसू. नंतर आयुष्यभर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीत बसायचो. ते अर्धा पेला घ्यायचे, मी लिंबाचं सरबत. आमच्या घरातल्या खऱ्या गप्पा तिथून सुरू झाल्या बघा."

"मग ते कोट न्यायला का नाही आले?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमची लाज वाटायची. माझ्यासमोरची लाज गेली, तुमच्यासमोरची काही जाईना. दर थंडीत म्हणायचे, या वर्षी जातोच. त्यांनी तुमच्यावर राग नाही हो धरला. असं काम कुणी करत नाही, म्हणायचे."

सासरे टेबलाचा आधार घेऊन उभे होते. चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले, आणि पुसतच राहिले.

बाईंना तो कोट स्वतःला घालायचा होता. घालून बघितला तर बाह्या लांब होत्या, खांदे उतरत होते. "मला बसेल असा करून द्या," त्या म्हणाल्या. "खिशाला मात्र हात लावू नका. बाटली त्यातच राहू दे, सरबत भरून गच्चीत नेईन." आणि काठी घेऊन उठता उठता म्हणाल्या, "उद्या नेते."

त्या गेल्या आणि सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, त्यासुद्धा 'उद्या'च म्हणाल्या," एवढंच ते मला दोन-तीनदा बोलले. इतर सगळी कामं बाजूला सारून संध्याकाळपर्यंत त्यांनी कोट पुरा केला. जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. "म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं, उद्या गुडघे दुखले तर?" सासूबाई म्हणाल्या, "मग तुम्ही नेऊन द्या." ते त्यांना पटलं नाही. गिऱ्हाइकाने आपल्या पायांनी यायला हवं होतं.

सकाळी आम्ही शटर वर करायला खाली उतरलो, तर बाई आधीच पायरीवर उभ्या होत्या.

"लवकर आले का?" त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी कोट त्यांच्या खांद्यांवर चढवला. बाह्या मनगटाशी आल्या. बाईंनी आरशात बघितलं, आतला खिसा वरून थोपटला. फुगवटा तिळभरही नव्हता. सासरे दोन पावलं मागे सरले आणि हळू आवाजात, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू, त्यांनी विचारलं, "कसा बसलाय?"

"बरोबर बसलाय, मास्तर," बाई म्हणाल्या. "दोघांनाही."