शिट्टी माझ्याकडे होती

किल्लारीचा भूकंप आमचे गाव विसरले, असे मी अनेक वर्षे सभासमारंभांतून सांगत आलो आहे. शिक्षकाच्या तोंडी असली वाक्ये शोभतात आणि ऐकणारेही माना डोलावतात. मात्र त्या वाक्याआड मी एक गोष्ट दडवून ठेवली होती. गाव आपसूक विसरले नाही. विसरण्याची वाट मी करून दिली, दरवर्षी थोडी थोडी, आणि ज्या बाईसाठी ती आठवण पाळली जात होती तिच्याशी शेवटी मी खोटे बोललो. हे सारे ढोल-ताशाच्या गजरात घडले. त्यामुळे सांगताना मला हसू येते, आणि हसू येते याचीही थोडी लाज वाटते.

त्या वर्षीचे विसर्जन घाटंजीत फार रंगले होते. आमच्या गल्लीचे मंडळ लहान आणि मूर्ती त्याहून लहान. पण ताशा असा की दुसऱ्या मंडळांची माणसे आपला गणपती सोडून आमच्या मागे येत. मी तेव्हा विशी ओलांडलेला, मंडळाचा सचिव. सचिव म्हणजे मिरवणुकीपुढे चालणारा, गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी अडकवलेला माणूस. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, दोन तुटक म्हणजे चालू. त्या दोन खुणांपलीकडे आमच्या ताशेवाल्यांना देवाचेही ऐकू येत नसे. नदीवरून परतलो तेव्हा तळपायांत नाचाची आग होती. अंगावरच्या गुलालासकट मी आडवा झालो. पहाटे पलंग हलला असे सांगणारे दुसऱ्या दिवशी घरोघरी निघाले. मला मात्र काहीच जाणवले नाही. मला आकाशवाणीवरच्या बातम्यांनी जागे केले.

मराठवाड्यातली ती गावेही आमच्यासारखीच विसर्जन आटोपून, दमून निजली होती. ती उठली नाहीत. आम्हा सगळ्यांना ही गोष्ट फार जवळून लागली, कारण ती झोप कशी असते हे आमच्या अंगाला ठाऊक होते.

आमच्या गल्लीत तर ते दुःख घरातच आले. टेलरिंगचे दुकान चालवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांची बायको किल्लारीजवळच्या एका खेड्यातली होती. आम्ही सारी पोरे त्यांना वहिनी म्हणत असू. त्यांचे आईवडील आणि धाकटा भाऊ त्या पहाटे गेले. वहिनी नवऱ्याबरोबर गेल्या आणि बऱ्याच दिवसांनी परतल्या. त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीतला रेडिओ कोणी मोठ्याने लावला नाही.

पुढच्या वर्षी गणपती आले. मंडळाच्या बैठकीत ठराव नाही, चर्चा नाही. एक वयस्कर सभासद तेवढे म्हणाले, "औंदा वाजवाचं नाही." कोणी का म्हणून विचारले नाही.

तशी मिरवणूक मी पुन्हा कधी पाहिली नाही. सजवलेल्या बंडीची चाके करकरत होती, बैलांच्या गळ्यातल्या घंटा किणकिणत होत्या आणि शेकडो चपला एका लयीत घासत होत्या. वहिनींच्या ओट्यासमोर बंडी थांबली. त्यांनी ओवाळले. ताशेवाले ताशे पाठीवर टाकून माना खाली घालून उभे होते. इतर मंडळांनीही आमचे पाहून आपले बँड बंद केले. गाव त्या दिवशी फार सुंदर वागले.

दुसऱ्या वर्षी आम्ही नदीपर्यंतच्या निम्म्या वाटेवर गप्प राहिलो. मग फक्त आपल्या गल्लीत. त्यानंतर विजेच्या खांबापासून वहिनींच्या ओट्यापर्यंत. हे कोणी ठरवले नव्हते. शिट्टी माझ्याकडे होती. थांबण्याची मी जरा उशिरा वाजवू लागलो आणि चालू करण्याची जरा लवकर. मुख्य ताशेवाला माझा वर्गमित्र होता. तो मागून कुजबुजे, "सचिवसाहेब, हात खाजून राह्यले ना बापा! देव बी कंटाळला असन आता." मी डोळे वटारत असे, आणि पुढच्या वर्षी थांबण्याची शिट्टी वाजेपर्यंत खांब आणखी चार पावले मागे पडत असे. खरे सांगायचे तर हात माझेही खाजत होते. शिवाय दोन तुटक शिट्ट्यांनंतर जो गजर उसळे, त्याचा मालक मी आहे असे मला वाटे. तरुणपणी माणसाला एवढेही पुरते.

शेवटचे वर्ष मला स्वच्छ आठवते. ताशा असा लागला होता की म्हातारी माणसे फुगड्या घालत होती. गुलालाच्या ढगातून मला वहिनींचा ओटा दिसला. त्या ताट घेऊन उभ्या होत्या, निरांजनाच्या ज्योतीला एका हाताचा आडोसा करून. त्या वाट पाहत होत्या. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी ती काढली, हात वर केले आणि नाचत पुढे गेलो. बंडी थांबलीच नाही. त्यांनी चालत्या बंडीबरोबर दोन पावले चालून कसेबसे ओवाळले.

सकाळी त्या हातपंपावर भेटल्या. रागाचा मागमूस नव्हता. "भाऊजी, औंदा थांबले नाही?"

मी खाली पाहून म्हणालो, "वहिनी, काय करता? पोलिसायचा हुकूम आला. मिरवणूक कुठंच थांबवाची नाही म्हणे."

"असं का?" त्या म्हणाल्या. त्यांनी भरलेली घागर कडेवर घेतली. मग म्हणाल्या, "हुकूमच असला तं तुम्ही तरी काय करसान."

असा कोणताही हुकूम आला नव्हता. पण त्या दिवसापासून तो होता. पुढच्या वर्षी थांबण्याचा विषय कोणी काढला नाही. कोणी काढला असता तर मी तो हुकूम दाखवायलाही तयार होतो.

मग वर्षे गेली. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावरची आठवण आतल्या पानावर गेली, मग एका चौकटीत मावली, मग चौकटही गेली. शाळेत त्या दिवशी आम्ही दोन मिनिटे उभे राहत असू. नव्या वेळापत्रकात तो तास गणिताला गेला आणि मीही हरकत घेतली नाही. भाषणे मात्र मी देत राहिलो. समाजाची स्मरणशक्ती किती तोकडी, यावर माझ्याइतके कळकळीने बोलणारा दुसरा वक्ता तालुक्यात नसावा.

यंदा मंडळाची अध्यक्ष एक मुलगी आहे. माझीच माजी विद्यार्थिनी. कमरेला ताशा बांधून पंचवीस जणांच्या पथकाला डोळ्यांच्या इशाऱ्यावर नाचवते. शिट्टीची तिला गरज पडत नाही. विसर्जनाच्या दिवशी सकाळीच ती घरी आली.

"सर, आपलं मंडळ पहिले त्या टेलर आजीच्या घरासमोर थांबत होतं म्हणे. काहून?"

"तुला किल्लारी ठाऊक आहे?"

तिने डोळे मिटले. परीक्षेतही ती अशीच डोळे मिटत असे. "देवीचं ठाणं आहे का तिथं?"

मला हसू आले आणि रागावता आले नाही. ती तेव्हा जन्मलीही नव्हती, आणि तिच्यापर्यंत ती गोष्ट पोहोचू नये याची व्यवस्था तर मीच केली होती. मी भूकंपाचे सांगितले. मुक्या मिरवणुकीचे सांगितले. ती बंद कशी झाली, तेथे मात्र मला खोकला आला.

"मंग आजीलेच विचारू. चला, बसा गाडीवर."

आमच्या मुख्य रस्त्याने त्या दिवशी एक दृश्य पाहिले: स्कूटीवर पुढे अध्यक्ष, मागे पन्नाशी उलटलेला मास्तर आणि त्याच्या मांडीवर भलामोठा ताशा. भाजीवाले ओरडत होते, "सर, वाजवा ना!"

वहिनी तिखट-मिठाच्या पुऱ्या तळत होत्या. आता त्या एकट्याच असतात. कानांनी थोड्या कमी, जिभेने तशाच. "या भाऊजी. पोरीच्या मागे बसून आले? पडले नाही, गणपतीच पावला."

मुलीने सरळ विचारले. मला वाटले होते, वहिनी गप्प होतील. त्यांनी झारा बाजूला ठेवला आणि खुशीत सांगू लागल्या, जणू कोणी विचारावे याचीच वाट पाहत होत्या. आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी. बापाचा तिरसटपणा. धाकटा भाऊ हलगी वाजवायचा. एकदा लग्नात त्याने इतकी वाजवली की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला आणि मुहूर्त टळला. "बाप त्याले चपलीनं मारत घरापर्यंत घेऊन आला. अन् घरी येऊन म्हणते, वाजवलं मात्र झकास!" मुलगी हसून हसून भिंतीला टेकली. इतक्या वर्षांत त्या भावाबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता. विचारलाही नव्हता.

"अन् सारं गाव तुमच्यासाठी मुकं चालत होतं, आजी?"

"चाललं माय. पहिल्या साली मी आत जाऊन खूप रडली. लय मोठं काम केलं गावानं." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण खरं सांगू? दोन-तीन सालानं मले वाटे, कधी वाजवतात हे पोट्टे! माहा भाऊ हलगीवाला, अन् त्याच्या नावानं बिनावाजाचा गणपती! पण एवढं गाव माह्यासाठी थांबते, मी कोण्या तोंडानं सांगू?"

माझी सुटका समोर उभी होती. त्यांना वाजवलेलेच हवे होते. मग मी केले ते वाईट कसे? क्षणभर मी खरोखर सुखावलो. तेवढ्यात त्या मुलीला म्हणाल्या, "एक मात्र आहे. गावानं आपल्या मनानं नाही सोडलं. वरून हुकूम आला होता. यायनंच सांगतलं हातपंपावर, तोंड एवढंसं करून. म्हणून मले कधी वाईट नाही वाटलं. गाव विसरलं असतं तं वाटलं असतं."

मुलीने माझ्याकडे आदराने पाहिले. कबुली माझ्या ओठांपर्यंत आली, आणि तिच्या जागी दुसरेच वाक्य बाहेर पडले. "वहिनी, पुऱ्या मस्त झाल्या."

"घ्या अजून," त्या म्हणाल्या. मी घेतल्या.

"मंग आजी, यंदा थांबू का वाजवू?"

"थांब. अन् थांबून वाजव! असं वाजव का मी घरात बसली नाही पाह्यजे."

घरी आल्यावर मी स्वतःशीच हिशेब मांडत बसलो. ज्या समजुतीच्या आधाराने त्यांनी इतकी वर्षे गावाला आपले मानले, ती समजूत माझ्या खोट्यावर उभी होती. ती काढून घेतली तर त्यांच्या हाती काय उरणार? पण उलटही खरे होते. तो आधार खोटा होता आणि त्याच्याच जोरावर त्यांचा आदर मी रोज खात होतो, पुऱ्यांसकट. आणि एक गोष्ट मी स्वतःपासूनही लपवली होती: त्या शेवटच्या वर्षी मी शिट्टी वाजवली असती, तर सगळे थांबले असते.

संध्याकाळी मिरवणूक गल्लीत शिरली. ट्रॅक्टर वहिनींच्या ओट्यासमोर उभा राहिला आणि त्या मुलीने ताशावर काडी टाकली. मग पंचवीस जणांचा असा गजर उठला की पत्रे थरथरले. वहिनी ताट घेऊन बाहेर आल्या. ओवाळून झाले, ताट शेजारणीच्या हाती गेले, आणि सत्तरीला आलेल्या त्या बाईने कमरेला पदर खोचून टाळ्यांनी ताल धरला. गल्ली वेडी झाली.

मी ओट्याची पायरी चढलो. माझा आवाज मुळात हळू. वर्गातही मागच्या बाकावरची मुले तक्रार करत.

"वहिनी, हुकूम आला नव्हता."

"काय?"

"हुकूम! पोलिसायचा! आलाच नव्हता!"

त्यांच्या टाळ्या थांबल्या. तोंड माझ्या कानाशी आणून त्या ओरडल्या, "म्हणजे गाव विसरलं होतं?"

"गाव नाही! गाव थांबलं असतं! शिट्टी माह्याजवळ होती, मी वाजवली नाही!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आधी डोळे भरले, मग भुवया चढल्या. "अन् एवढे वर्ष मूग गिळून बसले? सकाळी माह्या पुऱ्या बी खाल्ल्या?"

"खाल्ल्या!"

"वाजवलं त्याचं काही नाही, भाऊजी. खोटं कायले बोलले?"

ताशा आता अगदी आमच्या अंगावर वाजत होता. मी हात जोडले आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला:

"वहिनी, चुकलं माहं! तुमच्याशी खोटं बोललो, मले माफ करा!"